इंग्लंडमधल्या रेडिंगच्या घरातली ओकची जमीन: कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२३, शनिवार

पुढच्या खोलीतलं कार्पेट उचललं. खाली पिवळ्या स्पंजचा भुगा, त्याखाली पाइनच्या जुन्या फळ्या. घर १९०४ सालचं. इतक्या वर्षांत जो जो प्लंबर आणि वायरमन येऊन गेला, त्याने आपल्या सोयीने एकेक फळी कापून ठेवलीय. रस्त्याकडच्या खिडकीखाली स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर सहज सेंटिमीटरभर आत गेला. लाकूड नव्हे, ओला केक.

मधली भिंत आधीच्या मालकांनी पाडलेली असल्यामुळे दोन्ही खोल्या मिळून ७.१ बाय ३.४ मीटर, म्हणजे २४ चौरस मीटर. बेत असा: जुन्या फळ्या काढायच्या, ओकच्या कठीण लाकडाच्या भरीव फळ्या टाकायच्या, पाडव्यापर्यंत काम संपवायचं. नवऱ्याने विचारलं, कुठल्या पाडव्यापर्यंत? गुढी की दिवाळी?

२२ जानेवारी, रविवार

तीन फळ्या उचकटून टॉर्च घेऊन खाली उतरले. इथल्या जुन्या घरांची तळमजल्याची जमीन अधांतरी असते. खाली हातभर पोकळी, मध्ये विटांच्या बुटक्या भिंती, त्यांवर लाकडी जॉइस्ट, जॉइस्टवर फळ्या. आपल्याकडे वाड्यात वरच्या मजल्याला कडीपाट असतो तोच प्रकार, फक्त मातीपासून दीड फुटावर. म्हणून मी जॉइस्टना कड्याच म्हणणार.

ओलावा मोजायचं यंत्र टोचलं. मधल्या कड्या १७ टक्के, पुढच्या भिंतीत घुसलेली टोकं २२ आणि २३. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल बराच काळ राहिली की बुरशीचं फावतं. दोन टोकं गेलेलीच आहेत.

कारण बाहेर सापडलं. पोकळीत वारा खेळावा म्हणून भिंतीच्या पायाशी जाळीच्या विटा बसवतात, त्यांना इथे एअरब्रिक म्हणतात. पुढच्या बाजूला दोन होत्या. एक अंगणाच्या नव्या फरसबंदीखाली गाडली गेलीय. दुसरीत कुणीतरी वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वरून सिमेंट लिंपलंय. थंड वारा येतो म्हणून असणार. वारा थांबला आणि ओल बसली.

ओकचा विषय बंद. आधी वारा.

५ फेब्रुवारी, रविवार

भिंतीलगतची फरसबंदी वीतभर रुंदीची काढून चर केला, तळाला खडी टाकली. दोन्ही एअरब्रिक बदलल्या. मागच्या बाजूची एक उघडीच होती, तिच्यातून कोळ्याची जाळी ओढून काढली. संध्याकाळी पोकळीत उदबत्ती धरली तर धूर सरळ मागच्या भिंतीकडे निघाला. नवऱ्याच्या मते हे घराचं पहिलं वास्तुपूजन.

कुजलेली दोन टोकं सुताराकडून कापून घेतली, शेजारी नवं लाकूड जोडलं. हे काम स्वतः करण्याचा मोह झाला नाही.

१८ फेब्रुवारी, शनिवार

निवड. तीन दुकानं फिरून डोकं गरगरतंय, तरी लिहून ठेवते.

पहिला प्रश्न, भरीव की थरांचा? थरांच्या फळीत वर ओकचा पापुद्रा आणि खाली प्लायचे आडवे-उभे थर असतात, त्यामुळे ती कमी हलते. खोली तापवायला जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्यांचं जाळं असेल तर तीच घ्यावी. भरीव फळी कितीही वेळा घासता येते असं विक्रेते सांगतात. ते अर्धंच खरं. २० मिलिमीटर जाडीच्या भरीव फळीला बाजूने जीभ आणि खाच असते, आणि घासणं फक्त त्या खाचेच्या वरच्या ५-६ मिलिमीटरपर्यंतच शक्य. थरांच्या चांगल्या फळीवर ओकचा ६ मिलिमीटरचा थर मिळतो. म्हणजे आयुष्य सारखंच. मग भरीव का? २० मिलिमीटरची फळी थेट कड्यांवर ठोकता येते हे सांगायचं कारण. खरं कारण, मला तीच हवी होती. गुहागरच्या घरात माळ्यावर फणसाच्या फळ्या आहेत. त्यांवरून पाय ओढत चालताना जो आवाज येतो तो मला हवाय.

दुसरा, रुंदी. यावर एक अख्खी संध्याकाळ गेली, पण तीच कामी आली. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. लांबीत फरक जवळजवळ नाही, रुंदीत भरपूर. नेहमीच्या पद्धतीने चिरलेल्या ओकमधला ओलावा १ टक्क्याने बदलला की रुंदी साधारण ०.३ टक्क्याने बदलते. हिवाळा-उन्हाळ्यात ओलावा ३ टक्के खालीवर झाला असं धरलं, तर १८० मिलिमीटरची फळी १.६ मिलिमीटर हलेल, १२० ची १.१. खोलीभरची बेरीज तीच, पण रुंद फळ्यांत ती थोड्या आणि मोठ्या फटींतून दिसते, अरुंद फळ्यांत पुष्कळ बारीक फटींत विरून जाते. सध्या रुंद फळ्यांची फॅशन आहे. आम्ही १२० घेतोय.

तिसरा, प्रत. ‘प्राइम’ म्हणजे गाठी जवळजवळ नाहीत, एकसारखा रंग, महाग, आणि माझ्या मते लॅमिनेटसारखा दिसणारा. ‘रस्टिक’ म्हणजे मोठ्या गाठी, काळी लांबी (पुट्टी) भरलेल्या चिरा. मधली घेतली. अट एकच: सालीलगतचं पांढरट लाकूड कमीत कमी. ओकचा गाभा टिकाऊ, पण त्या पांढऱ्या पट्ट्यावर किड्याचा डोळा असतो.

२५ फेब्रुवारी, शनिवार

दुकानातून आणलेल्या तुकड्यांचा छळ.

एका दुकानात अमेरिकन लाल ओक स्वस्तात होता. त्याचा तुकडा एका टोकाने पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकला तर बुडबुडे आले! लाल ओकच्या उभ्या नळ्या मोकळ्या असतात. युरोपियन ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात. त्याच्या तुकड्यावर गाल दुखेपर्यंत फुंकलं, काही नाही. दारूची पिंपं अशा बुजलेल्या नळ्यांच्या ओकची का करतात ते कळलं. लाल ओक बाद.

दोन तुकड्यांवर हार्डवॅक्स तेलाचे, म्हणजे मेण मिसळलेल्या तेलाचे, दोन हात मारून ठेवले होते, दोनांवर लॅकर. त्यांवर हळद कालवलेलं तेल, चहा, कुंकू आणि ओला लोखंडी झारा रात्रभर ठेवला. हळद दोन्हींवर राहिली, उन्हात दोन दिवसांत उडाली. कुंकवाची पुसट गुलाबी छटा तेलावर राहिलीच. झाऱ्याखाली मात्र तेलाच्या एका तुकड्यावर, जिथे हात पातळ बसला होता तिथे, निळसर काळी चंद्रकोर. लॅकरवर काही नाही.

तरी तेलच घेतेय. लॅकर काचेसारखा वर बसतो. ओरखडा पडून पाणी आत गेलं की खाली डाग पसरतो आणि दुरुस्तीला अख्खी खोली घासावी लागते. तेल लाकडात मुरतं. चरा पडला तर तेवढ्याच जागी घासून पुन्हा लावता येतं. स्वभावाचा प्रश्न आहे: दहा वर्षांनी एकदा मोठा उपद्व्याप, की दर थोड्या दिवसांनी थोडी हातची खटपट.

आईला व्हिडिओवर चंद्रकोर दाखवली. ती म्हणाली, “लोखंडाच्या पळीत हिरडा उगाळलास तर काळं होणारच की.” अगदी तेच आहे. हिरड्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, ओकमध्येही टॅनिन; त्याला लोखंड आणि पाणी मिळालं की शाई. युरोपात शतकानुशतकं शाई अशीच करत, ओकवर किड्यामुळे येणाऱ्या गाठींपासून. त्या गाठी म्हणजे आपलं मायफळ. बाळगुटीत उगाळतात ते. म्हणजे ओक मी जन्मल्यापासून चाटलेला आहे.

२२ मार्च, बुधवार, गुढीपाडवा

पाडव्याला काम संपलं नाही, लाकूड आलं. २६ चौरस मीटर, त्यातलं दोन कापाकापीत जाईल असं धरून. ड्रायव्हरला गठ्ठे बाहेर गॅरेजमध्ये ठेवायचे होते. नको म्हटलं, सगळे आत. रिमझिम चालू होती.

गठ्ठे फोडून मधे पट्ट्या घालून फळ्या रचल्या, म्हणजे चारी बाजूंनी हवा लागेल. हीटिंग नेहमीसारखं. फळ्या ९.५ टक्के, कड्या आता १४. ‘दोन आठवडे मुरू द्या’ असं सगळे सांगतात, पण दिवस मोजून उपयोग नाही, यंत्र टोचून आकडा स्थिर झाला की झालं.

गुढी बागेकडच्या दारात उभारली. कडुनिंब इथे कुठला.

७ ते १० एप्रिल, ईस्टरची जोडसुट्टी

शुक्रवार. उरलेल्या जुन्या फळ्या काढल्या. कड्यांच्या मधे जाळी ताणून तिच्यावर खनिज लोकर भरली. लोकर कड्यांच्या उंचीइतकीच, खालची पोकळी मोकळी. उब राखायची, पण वारा अडवायचा नाही. कड्या १३, फळ्या १०. आणखी थांबावं का यावर रात्री बारापर्यंत वाद. फरक तीनवर आलाय, ठोकतोय.

शनिवार. भिंत सरळ नाही. सात मीटरमध्ये २२ मिलिमीटर पोट. भिंतीला धरून पहिली ओळ लावली असती तर पोट अठ्ठाविसाव्या ओळीपर्यंत पोचलं असतं. सूत मारून मधोमध रेघ काढली आणि तिथून मोजत भिंतीकडे गेलो. सुताराचं नाव सुतावरून पडलं की सुताचं सुतारावरून, हा वाद तसाच राहिला. चारी बाजूंना १५ मिलिमीटर जागा सोडली, शेकोटीच्या दगडाभोवतीही. तिथे कॉर्कची पट्टी येईल, बाकी भिंतीलगतच्या स्कर्टिंगच्या पट्टीखाली झाकेल. खोलीला श्वास घ्यायला तेवढी जागा.

खिळे मारायचं यंत्र भाड्याने आणलंय. ते फळीच्या जिभेवर टेकवून वरून रबरी हातोडा घातला की खिळा तिरपा आत जातो, आणि पुढच्या फळीची खाच त्याला झाकते. प्रत्येक कडीवर एक, ओळीला अठरा. सांधे कडीवरच आले पाहिजेत आणि शेजारच्या ओळीतल्या सांध्यापासून लांब. तीन-चार गठ्ठ्यांतल्या फळ्या आधी जमिनीवर मांडून रंग मिसळून घेत होतो. हे मांडणं मला ठोकण्यापेक्षा आवडलं. नवरा म्हणतो तू पत्ते पिसतेस.

रविवार. फुस्स. अकराव्या ओळीत खिळा तांब्याच्या नळीत गेला. हीटिंगच्या नळ्या कड्यांना वरून खाच पाडून घातलेल्या, म्हणजे फळीला चिकटूनच. मी सगळ्या नळ्या लाल खडूने खुणावल्या होत्या. ही एक, कधीच काढून टाकलेल्या रेडिएटरकडे जाणारी, मेली असेल असं धरलं होतं. मेली नव्हती. हीटिंगच्या जुन्या पाण्यात रेडिएटरच्या लोखंडाचा गाळ असतो, त्यामुळे पाणीही काळं. पाणी तोडेपर्यंत कोऱ्या ओकवर तांब्याभर सांडलंच. पुसलं, पंखा लावला.

सोमवार. नळी तोडून टोक बंद केलं. उरलेल्या ओळी. शेवटच्या दोन ओळींत यंत्र मावत नाही, त्या वरून स्क्रूने धरून भोकांत ओकच्या खुंट्या बसवल्या. पाचशेच्या वर खिळे झाले असतील. उजवा खांदा माझा राहिलेला नाही.

१३ एप्रिल

काळं पाणी सांडलं तिथे आठ-नऊ फळ्यांवर शाईचा नकाशा उमटलाय. घासून जाईल असं वाटलं, मिलिमीटरभर घासलं तरी खाली तेच. ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावलं, हातमोजे घालून, कारण ते विषारी आहे. दहा मिनिटांत डाग डोळ्यांदेखत फिका झाला, दुसऱ्या हातानंतर गेला. मग साध्या पाण्याने दोनदा पुसून चार दिवस वाळवणार. अशा डागावर स्टीलवूल घासू नये हेही लिहून ठेवते. त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात आणि पहिल्या ओल्या फडक्याला शंभर नवे काळे ठिपके देतात.

२२ एप्रिल, शनिवार, अक्षय्य तृतीया

काल घासणं: ६०, ८०, १०० नंबरचे पॉलिश पेपर. मास्क लावून, कारण ओकचा भुसा नाकाला फार वाईट. १०० च्या पुढे गेले नाही. जास्त गुळगुळीत केलं तर तेल आत शिरत नाही.

आज तेलाचा पहिला हात. एका लिटरमध्ये एका हाताला २४ चौरस मीटर, म्हणजे आमची खोली बरोब्बर. इतकं पातळ लावायचं असतं यावर विश्वास बसत नाही. आपला हात सढळ, आणि सढळ हाताने लावलं की ते चिकट राहतं. ओक ओला झाल्यासारखा मधाळ झाला.

तेलाचे बोळे पाणी भरलेल्या डब्यात बुडवून बाहेर. चुरगळून कचऱ्यात टाकले तर वाळताना आपोआप पेट घेऊ शकतात.

उद्या दुसरा हात. मग दोन आठवडे जपून, सतरंजीसुद्धा नाही.

१७ जून, शनिवार

आई येऊन आठवडा झाला. आज सकाळी खाली आले तर बादली, फिनाईल आणि ओलं फडकं. पिळलेलं नव्हे, निथळणारं. मी ओरडले. इतकं ओरडायला नको होतं.

“अगं, फरशी पुसायची नाही तर काय करायचं?”

“ही फरशी नाही.”

“मग काय आहे?”

याचं उत्तर देता आलं नाही. केरसुणी किंवा व्हॅक्यूम, आणि आठवड्यातून एकदा घट्ट पिळलेलं फडकं, त्यात तेलाच्या जमिनीसाठीचा साबण टोपणभर. वाफेचं यंत्र नाही, अमोनिया नाही, ब्लीच नाही. अमोनियाने तर ओक काळवंडतो, मुद्दाम काळा करण्यासाठी त्याची धुरी देतात. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे पारोशीच ठेवायची.”

पण दाराशी चपला काढायच्या हे इथल्या शेजाऱ्यांना शिकवावं लागतं, आम्हाला नाही. ओकचा खरा शत्रू पाण्याच्याही आधी बुटाखालची वाळू. त्या बाबतीत आम्ही जन्मजात पास.

२९ जुलै, शनिवार

पावसाळी महिना. खोलीतली आर्द्रता ६६ टक्के. फटी एकही नाही. खिडकीजवळच्या तीन फळ्या कडांनी किंचित उचलल्यात, पन्हाळीसारख्या. हात फिरवला तरच कळतं. खालून ओल, वरून ऊन. नवरा म्हणाला घासून सपाट करू. मुळीच नाही. आता कडा घासल्या तर हिवाळ्यात फळी सुकून पुन्हा सरळ होईल आणि मधोमध उंचवटा राहील. आई म्हणाली, “आपलं माजघराचं दार नाही का, आषाढात लागत नाही. दिवाळीला आपोआप लागतं. तेव्हा कोणी रंधा मारतं का?”

बाबांनी एकदा मारला होता. त्या दाराखालून अजून थंडीत मांजर येतं.

१९ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

मूर्ती चौरंगावर, चौरंगाखाली पितळी परात, तिच्याखाली मेणकापड. समईखाली ताटली. दुर्वांचं पाणी, अभिषेकाचं पाणी, तीर्थ... या दिवशी घरात किती पाणी फिरतं हे कधी मोजलं नव्हतं. दोन ठिकाणी सांडलं, लगेच टिपलं, काही झालं नाही. सांडणं चालतं, साचणं नाही.

मोदकांच्या गडबडीत आईच्या हातून पितळी खलबत्ता पडला. ओकमध्ये नखाएवढा खळगा. आई इतकी गप्प झाली की मलाच कसंतरी झालं. रात्री सगळे गेल्यावर खळग्यावर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली, चारपाच वेळा. वाफेने दबलेले तंतू फुगले आणि खळगा भरून आला. उद्या तेवढ्याच जागी तेलाचं बोट.

आई शेजारी उभी राहून बघत होती. “शेवटी पाणीच लागलं ना?”

४ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीच्या आधी पुढच्या दाराजवळची दीड मीटर पट्टी पुन्हा तेलावर घेतली. तिथे लाकूड कोरडं पडलं होतं. ओळखायची खूण: पाण्याचा थेंब टाकायचा, मण्यासारखा उभा राहिला तर तेल आहे, पसरून गडद डाग झाला तर गेलं. हलक्या हाताने पॅड फिरवला, पुसलं, फडक्याने अगदी पातळ तेल. अर्धा तास.

आई पाटावर बसून बघत होती. मग म्हणाली, “हे तर सारवण आहे.”

“म्हणजे?”

“दाराशी, चुलीशी लवकर उखडायचं. तेवढंच आधी सारवायचं. अख्खं घर सणाला. आणि शेणाच्या जमिनीवर बादली कोण ओततं गं? आधीच सांगितलं असतंस, ही सारवायची जमीन आहे, तर मी फडकं घेतलं असतं का?”

फडकं माझ्या हातून घेतलं आणि उरलेली पट्टी तिने केली. उजवीकडून डावीकडे, अर्धगोल फिरवत, मागे सरकत. शेवटी पुसून घेताना फक्त मी तिला फळीच्या रेषेत पुसायला लावलं. अर्धगोल दिसतात अजून, तिरप्या उन्हात.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

रांगोळी दारात बाहेर. बाजारातली रांगोळी म्हणजे दगडाची पूड, पायाखाली आली की पॉलिश पेपरच. आत पाटाभोवती तांदळाच्या पिठाची.

२० जानेवारी २०२४, शनिवार

आठवडाभर बाहेर शून्याच्या खाली, हीटिंग दिवसभर. आर्द्रता ३६. फटी उघडल्या. बहुतेक ठिकाणी बँकेचं कार्ड, म्हणजे पाऊण मिलिमीटर, जेमतेम जातं. शेकोटीजवळ एका ठिकाणी दोन कार्डं. तिथे रेडिएटरची नळी खालून जाते. पन्हाळी झालेल्या तीन फळ्या सपाट.

फटींत लांबी भरायची नाही. उन्हाळ्यात फळ्या फुगल्या की ती चिरडून वर येते. त्याऐवजी कपडे आता याच खोलीत वाळत घालतोय. दोन दिवसांत आर्द्रता ४३. इस्टेट एजंटांना आवडणार नाही, ओकला आवडलं.

९ एप्रिल २०२४, मंगळवार, गुढीपाडवा

कार्ड कुठेच जात नाही. दोन कार्डांच्या फटीतसुद्धा अर्धंच. तिच्यात दिवाळीचं पीठ पांढऱ्या रेघेसारखं अडकलंय. सुईने काढायला बसले आणि मग राहू दिलं.

बाहेरच्या दोन्ही एअरब्रिकसमोरची पानं काढली. कोपऱ्यातली उचलता येणारी फळी मुद्दाम ठेवली होती, ती काढून कड्या मोजल्या. १३, १२.५, खिडकीखाली १४.

आईचा फोन. गुढी दाखवली, श्रीखंड दाखवलं. तिने कॅमेरा खाली करायला सांगितला.

“दाराशी सारवलंस का?”

“रविवारी.”

डबा हलवून पाहिला. तळाशी बोटभर तेल आहे, पट्टीपुरतं होईल.